एकाच लक्षणाआडची अनेक कारणे: वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयएसडीएन राउटरांच्या जोडणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

२००४ सालच्या सुरुवातीला, पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या एका नागरी सहकारी बँकेत सातारा जिल्ह्यातील एक लहान सहकारी बँक विलीन झाली आणि त्या लहान बँकेच्या चार शाखा पुण्यातील मध्यवर्ती संगणकाला जोडण्याचे काम आमच्या गटाकडे आले. मूळ बँकेच्या सात शाखा त्याआधीच जोडलेल्या होत्या. प्रत्येक शाखेतून पुण्यापर्यंत ६४ किलोबिटची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायमची स्वतंत्र लाइन होती, आणि ती बंद पडली की शाखेतील राउटरने आयएसडीएनवरून, म्हणजे डिजिटल टेलिफोन जोडणीवरून, आपणहून पुण्याचा क्रमांक लावावा, अशी पर्यायी सोय केलेली होती. या सात शाखांमध्ये ही सोय इतकी बिनबोभाट चालत असे की लाइन पडल्याचे काउंटरवरच्या लोकांना अनेकदा कळतही नसे.

नव्या चार शाखांमध्ये विलीनीकरणापूर्वीच राउटर घेतलेले होते आणि ते वेगळ्या कंपन्यांचे होते. कंपन्यांची नावे न देता मी त्यांना अ, ब आणि क म्हणेन. पुण्यातला मोठा राउटर आणि जुन्या सात शाखांतले राउटर अ कंपनीचे, नव्या तीन शाखांतले ब कंपनीचे आणि चौथ्या शाखेतला क कंपनीचा होता. तिन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर आयएसडीएन, पीपीपी (दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात बोलण्याची सामाईक भाषा), मल्टिलिंक (अनेक चॅनेल एकत्र वापरण्याची पद्धत), पॅप, चॅप (ओळख पटवण्याच्या दोन पद्धती) ही जवळजवळ एकसारखीच यादी छापलेली होती. नवे राउटर घेण्यासाठी बँकेने पैसे राखून ठेवलेले नव्हते, आणि मला ते योग्यच वाटले. मानकांप्रमाणे बनवलेली, चालू स्थितीतील यंत्रे केवळ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून अडगळीत टाकणे हा ठेवीदारांच्या पैशाचा अपव्यय ठरला असता.

शाखांकडे आयएसडीएनची बेसिक रेट जोडणी होती. तिच्यात प्रत्येकी ६४ किलोबिटची दोन बी चॅनेल आणि १६ किलोबिटचे एक डी चॅनेल असते. माहिती बी चॅनेलवरून जाते, तर कॉल लावण्याची आणि तोडण्याची बोलणी डी चॅनेलवरून होतात. पुण्याला प्रायमरी रेट जोडणी होती, म्हणजे २ मेगाबिटच्या एकाच दुव्यावर ३० बी चॅनेल आणि एक डी चॅनेल. डी चॅनेलवरची बोलणी राउटर आणि त्याचे एक्सचेंज यांच्यात होतात, दोन राउटरांमध्ये नव्हे. कॉल एकदा लागला की बी चॅनेलवर कोणत्या भाषेत बोलायचे हे दोन्ही राउटरांनी आपसात ठरवायचे असते आणि एक्सचेंजला त्याच्याशी काही कर्तव्य नसते. त्यामुळे एक्सचेंजच्या लेखी पूर्ण यशस्वी झालेला कॉल बँकेच्या लेखी संपूर्ण निरुपयोगी असू शकतो. पुढचे सगळे प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरते.

तक्रार आणि आधी झालेले प्रयत्न

ब कंपनीचे राउटर असलेल्या तीन शाखांना मी घाटाजवळची, साखर कारखान्याजवळची आणि बसस्थानकासमोरची शाखा असे म्हणतो. घाटाजवळच्या शाखेत लीज्ड लाइन पडली की राउटर पुण्याला कॉल लावत असे, त्याच्यावरचा दिवा हिरवा होत असे, सुमारे अर्ध्या मिनिटाने कॉल तुटत असे आणि दहाएक सेकंदांत पुन्हा लागत असे. कामकाज क्षणभरही होत नसे, पण प्रत्येक कॉलला निदान एका पल्सचे एसटीडी शुल्क पडत असे. या हिशेबाने तासाला ९० कॉल होतात, आणि लाइन सहा तास बंद राहिली तर ५४०. बिल पाहून शाखाधिकाऱ्यांनी आयएसडीएनची वायरच राउटरातून काढून ठेवली होती, आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

दूरध्वनी कंपनीकडे तक्रार गेली होती. तिथून आलेले उत्तर असे होते की लाइनमध्ये दोष नाही, कॉल व्यवस्थित लागतो आणि व्यवस्थित संपतो. ते उत्तर टाळाटाळीचे नव्हते. क्यू.९३१ या संकेतप्रणालीत कॉल तुटताना कारणाचा एक क्रमांक दिला जातो, आणि या सर्व कॉलांवर १६ हा क्रमांक होता. त्याचा अर्थ, वापरणाऱ्याने नेहमीसारखा कॉल बंद केला. कॉल दूरध्वनीचे जाळे नव्हे, टोकाचा राउटरच तोडत होता, हा त्या क्रमांकाचा आमच्यासाठी उपयोगी अर्थ होता, पण तो तोवर कोणी लक्षात घेतला नव्हता.

शाखेतली देखभालीची नोंदवही मी काळजीपूर्वक वाचली आणि या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती मला तिथे मिळाली. माझ्याआधी दोन तंत्रज्ञ येऊन गेले होते. पहिल्याने पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन करून तिकडच्या बाजूची बांधणी, म्हणजे बी चॅनेलवर माहिती गुंडाळण्याची पद्धत, पीपीपीवर बदलून घेतली, काही फरक पडला नाही, म्हणून पुन्हा पूर्ववत करून घेतली. दुसऱ्याने तीन आठवड्यांनी शाखेच्या राउटरचा वेग ५६ वरून ६४ केला, काही फरक पडला नाही, म्हणून तोही पूर्ववत केला. दोघांनीही आपले काम प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. आणि दोघांचाही बदल बरोबर होता.

अर्ध्या मिनिटाचा अर्थ

अर्धे मिनिट हा काळ कुठून आला, या प्रश्नापासून मी सुरुवात केली. पीपीपीचे मानक, इंटरनेट मानकांच्या आरएफसी या दस्तऐवजमालेतील आरएफसी १६६१, हे १९९४ सालचे आहे. कॉल लागल्यावर प्रत्येक बाजू आपल्या अटींचा प्रस्ताव पाठवते, उत्तर न आल्यास ३ सेकंदांनी तोच पुन्हा पाठवते, आणि असे १० वेळा करून थांबते, ही त्यात सुचवलेली मूळ मूल्ये आहेत. दहा गुणिले तीन म्हणजे तीस सेकंद. याचा अर्थ शाखेचा राउटर दहा वेळा विचारत होता आणि एकदाही उत्तर न मिळाल्याने कॉल सोडून देत होता. पासवर्ड चुकला असता, पत्ता जुळला नसता, तर कॉल दोन-तीन सेकंदांत तुटला असता. तीस सेकंद म्हणजे पहिलाच शब्द ऐकू गेलेला नाही.

पहिला शब्द न ऐकू जाण्याची दोन स्वतंत्र कारणे इथे एकावर एक बसलेली होती.

अ कंपनीचे राउटर काही न सांगितल्यास बी चॅनेलवर पीपीपी वापरत नसत, आपल्याच घराण्यातल्या एका बांधणीत माहिती गुंडाळत असत. जुन्या सातही शाखांत अ कंपनीचेच राउटर असल्याने ही गोष्ट कधी कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. सात शाखा उत्तम चालतात, म्हणजे पुण्याकडची रचना बरोबर आहे, असे सर्वांनी धरले होते. प्रत्यक्षात त्या शाखा चालत होत्या त्या एकाच घरातली बोलीभाषा बोलत असल्यामुळे.

दुसरे कारण वेगाचे. ब कंपनीचा राउटर मुळात उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी घडवलेला होता. तिथल्या जुन्या दूरध्वनी जाळ्यांत प्रत्येक आठ बिटांतला एक बिट माहितीसाठी भरवशाचा नसे, म्हणून ६४ ऐवजी ५६ किलोबिटने बोलण्याची सोय ठेवलेली असे, आणि या राउटरात तीच मूळ निवड होती. भारतातील जाळे युरोपीय पद्धतीचे, सलग ६४ किलोबिटचे. पुण्याचा राउटर आलेला प्रत्येक कॉल ६४ नेच वाचत होता. त्यामुळे शाखेकडून सात-सात बिटांत आलेली माहिती त्याला निव्वळ अर्थहीन गोंगाट वाटत होती.

आता नोंदवहीतली हकीकत पुन्हा पाहावी. पहिल्या तंत्रज्ञाने भाषा जुळवली तेव्हा वेग जुळत नव्हता. दुसऱ्याने वेग जुळवला तेव्हा भाषा पुन्हा पूर्ववत झालेली होती. बाहेरून दिसणारे लक्षण दोन्ही वेळा तंतोतंत तेच होते: तीस सेकंद आणि कारण क्रमांक १६. काम झाले की नाही एवढाच निकष ठेवला, तर दोन दोष एकत्र असताना त्यांतला एक दुरुस्त करणे आणि काहीच न करणे यांत फरक दिसत नाही, आणि माणूस बरोबर केलेले काम स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

वास्तविक फरक दिसत होता, पण तो दिव्यांवर नव्हता, पुण्याच्या राउटरच्या मोजण्यांमध्ये होता. बांधणी वेगळी असली तरी चौकटीचा, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या एकेका तुकड्याचा, प्रारंभ, शेवट आणि तपासणीचे बिट दोन्हींत सारखेच असतात. म्हणून केवळ भाषा वेगळी असेल तेव्हा पुण्याला चौकटी शाबूत पोहोचतात, फक्त त्यांचा प्रकार अनोळखी निघतो. वेग वेगळा असेल तेव्हा एकही चौकट शाबूत पोहोचत नाही आणि तपासणीतील चुकांचा आकडा भराभर वाढतो. आम्ही शाखेतून एक-एक कॉल लावून हे दोन्ही आकडे कागदावर उतरवले. वेग ६४ केल्याबरोबर चुकांचा आकडा थांबला आणि अनोळखी चौकटींचा वाढू लागला. कॉल तरीही तीस सेकंदांनी तुटलाच, पण आपण एक पायरी वर चढलो हे आता पुराव्यानिशी कळत होते. त्यानंतर पुण्याची बांधणी पीपीपी केली, आणि आलेल्या चौकटीचे पहिले बाइट एफएफ, ०३ आणि पाठोपाठ सी०२१ ही पीपीपीच्या प्राथमिक बोलण्यांची खूण स्पष्ट दिसली.

पुण्याची बांधणी बदलायची म्हणजे जुन्या सात शाखाही पीपीपीवर आणणे भाग होते. कॉल उचलताना पलीकडे कोण आहे हे मध्यवर्ती राउटरला माहीत नसते, आणि प्रत्येक कॉलसाठी आधी क्रमांक ओळखून मग भाषा निवडण्याची रचना करणे मला धोक्याचे वाटले. नीट चाललेल्या शाखांना हात लावायला बँकेच्या संगणक विभागप्रमुखांचा विरोध होता आणि त्यांची काळजी रास्त होती. अखेरीस एका रविवारी सातही शाखांत माणूस बसवून एका दिवसात हा बदल करू आणि संध्याकाळपर्यंत एकही शाखा अडली तर सर्व पूर्ववत करू, या अटीवर त्यांनी संमती दिली. बदल दुपारपर्यंत निर्विघ्न झाला.

साखर कारखान्याजवळची वायर

हेच बदल साखर कारखान्याजवळच्या शाखेत केले, तरी तिथे बोलणी कधी पूर्ण होत, कधी अर्ध्यावर राहत. चुकांचा आकडा थांबत नव्हता, फक्त हळू वाढत होता. दूरध्वनी कंपनीने बसवलेली एनटी पेटी (तिच्या लाइनच्या टोकाची पेटी) इमारतीच्या तळमजल्यावर होती आणि तिथून राउटरपर्यंत सुमारे चाळीस मीटर वायर स्थानिक इलेक्ट्रिशियनने ओढली होती. वायर परीक्षकावर आठही तारा बरोबर दाखवत होत्या.

दोष तारांच्या जोड्यांत होता. आयएसडीएनच्या चार तारी जोडणीत ३ आणि ६ ही एक जोडी असते, ४ आणि ५ ही दुसरी. इलेक्ट्रिशियनने पिळलेल्या जोड्या ओळीने बसवल्या होत्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. प्रत्येक तार योग्य टोकाला पोहोचत होती, म्हणून परीक्षकाला दोष दिसत नव्हता, पण जाणारा संकेत एका पिळातली एक तार आणि दुसऱ्या पिळातली एक तार यांवरून जात होता आणि येणाऱ्या संकेतात मिसळत होता. दोन-तीन मीटरच्या तुकड्यात हे खपून गेले असते. चाळीस मीटरवर नाही. दोन्ही टोकांची जोडणी योग्य क्रमाने पुन्हा केल्यावर चुका थांबल्या. हा दोष राउटरच्या कंपनीशी अजिबात संबंधित नव्हता, तरी नोंदवहीत तो "ब कंपनीचा राउटर अ कंपनीशी जुळत नाही" याच सदरात पडून राहिला होता.

बसस्थानकासमोरच्या शाखेतली तक्रार याच्या उलट होती. तिथे काहीच बिघडलेले नव्हते. कॉल नसताना एक्सचेंज वीज वाचवण्यासाठी जोडणीचा खालचा थर निद्रिस्त करते आणि राउटरच्या पडद्यावर ती निष्क्रिय दिसते. हे पाहून तिथले लिपिक रोज सकाळी राउटर बंद करून चालू करत असत. राउटरला चालू होताच एक्सचेंजकडून आपला ओळखक्रमांक मागण्याऐवजी पहिल्या कॉलच्या वेळी मागायला सांगितले, लिपिकांना 'निष्क्रिय' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, आणि तो प्रश्न मिटला.

ओळख पटवणे

बोलणी सुरू झाल्यावर तिसऱ्या पायरीवर अडथळा आला तो ओळखीचा. पुण्याच्या राउटरने चॅपची मागणी केली, म्हणजे पासवर्ड तारेवरून न पाठवता त्याच्यापासून काढलेले गणिती उत्तर पाठवायचे. ब कंपनीचा राउटर पॅपवर, म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा पाठवण्याच्या पद्धतीवर, ठेवलेला होता, त्यामुळे त्याने पॅप सुचवले, पुण्याने नाकारले, आणि कॉल दोन सेकंदांत तुटला. हे पाहून मला समाधान वाटले, कारण दोन सेकंदांत तुटणारा कॉल हा एकमेकांचे ऐकू येत असल्याचा पुरावा होता. शाखांच्या बाजूला चॅप लावले. शिवाय शाखेनेही उलट पुण्याकडून ओळख मागावी ही मूळ निवड बंद केली. कॉल नेहमी शाखाच लावणार असल्याने ज्याने कॉल उचलला त्यानेच ओळख मागावी, एवढे पुरेसे होते.

त्याआधी एक जुनी तटबंदीही काढावी लागली. पुण्याच्या राउटरला ठरावीक क्रमांकांवरून आलेलेच कॉल घ्यायला सांगितले होते. स्थानिक क्रमांकांच्या आधी २ हा अंक जोडला गेल्यानंतर ती यादी सुधारली गेली नव्हती. शिवाय लावणाऱ्याचा क्रमांक कधी एसटीडी कोडसह येई, कधी त्याशिवाय, पण शून्य मात्र कधीच येत नसे, आणि यादीत तो सगळीकडे शून्यासह लिहिलेला होता. क्रमांकाच्या शेवटच्या सहा अंकांवरच जुळणी करावी आणि खरी ओळख चॅपवर सोपवावी, असे ठरवले.

एप्रिलच्या अखेरीस तिन्ही शाखांची लीज्ड लाइन एकेक करून मुद्दाम काढून पाहिली. प्रत्येक शाखा काही सेकंदांत आयएसडीएनवर आली. काम पूर्ण झाले असे आम्ही लेखी कळवले. ती आमची चूक होती.

पावसाळ्यातला दिवस

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, जमिनीखालच्या केबलच्या सांध्यांत पाणी गेले आणि घाटाजवळची व कारखान्याजवळची अशा दोन्ही शाखांच्या लीज्ड लाइन एकाच सकाळी पडल्या. दोन्हींनी पुण्याला कॉल लावले, दोन्हींची ओळख पटली, दोन्हींवरचे दिवे हिरवे राहिले, आणि दोन्हींचे कामकाज ठप्प झाले. घाटाजवळच्या शाखेत साधारण निम्मी पाकिटे हरवत होती, तर कारखान्याजवळच्या शाखेतून जवळजवळ काहीच पोहोचत नव्हते. कोणत्याही एका शाखेचा कॉल तोडला की दुसरी तत्काळ सुधारत असे. दुपारी लीज्ड लाइन सुरू झाल्या आणि आम्ही तपासायला बसलो तेव्हा सर्व काही निर्दोष होते.

या दोषाचा माग काढायला मला चार दिवस लागले. बेसिक रेटची दोन बी चॅनेल एकत्र करून १२८ किलोबिट मिळवण्यासाठी मल्टिलिंक असते. त्याचे मानक आरएफसी १९९० हे १९९६ सालचे. त्यात आलेला नवा कॉल आधीच्या कोणत्या जुडग्यात (एकत्र बांधलेल्या कॉलांच्या गटात) घालायचा हे दोन गोष्टींवरून ठरते: पटलेली ओळख, आणि पलीकडच्या यंत्राने दिलेली टोकाची खूण. ही खूण देणे ऐच्छिक आहे. खूण दिली नसेल आणि ओळखीचे नाव सारखे असेल, तर नवा कॉल त्याच जुडग्यात घालावा, असे मानक स्पष्ट सांगते.

ब कंपनीच्या राउटरातल्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही खूण पाठवली जात नव्हती. आणि तिन्ही राउटरांचे नाव कारखान्यातून आलेले होते तेच राहिले होते. ओळख पटवताना राउटर हेच नाव पाठवत होते, आणि पुण्यातही मी स्वतः त्या एकाच नावाने नोंद केली होती, कारण तिन्ही शाखांचा पासवर्ड तेव्हा एकच ठेवलेला होता. ही कबुली इथे देणे मला आवश्यक वाटते. एकेका शाखेची स्वतंत्र चाचणी घेतली, म्हणून हा दोष चाचणीत दिसणे शक्यच नव्हते.

पुण्याच्या राउटरने मानकाप्रमाणेच वागून दोन वेगळ्या गावांतून आलेले दोन कॉल एकाच शाखेचे समजून एकत्र बांधले. मग घाटाजवळच्या शाखेसाठीची पाकिटे तो दोन्ही तारांवर आळीपाळीने वाटू लागला आणि त्यांतली निम्मी कारखान्याजवळ जाऊन पडली. उलट दिशेने येणाऱ्या पाकिटांवर अनुक्रमांक असतात. पहिल्या शाखेचे क्रमांक बरेच पुढे गेले असताना दुसऱ्या शाखेने शून्यापासून सुरुवात केली, त्यामुळे तिची पाकिटे उशिरा आलेली जुनी समजून टाकून दिली जात होती. तिन्ही यंत्रांपैकी एकानेही नियम मोडला नव्हता.

प्रत्येक शाखेला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड दिला. नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक अ कंपनीच्या राउटरला चालत नसल्याने सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवली. ब कंपनीचे पुढचे सॉफ्टवेअर मिळवून तिन्ही राउटरांत घातले. त्यात टोकाची खूण म्हणून यंत्राचा जगात एकमेव असलेला मॅक पत्ता पाठवला जात होता. यानंतरच्या चाचण्या मात्र आम्ही एकत्र घेतल्या: दोन शाखा एकदम, मग तिन्ही एकदम, मग जुन्या सात शाखांपैकी चार आणि नव्या तीन एकदम. हे एप्रिलमध्येच करायला हवे होते.

उरलेल्या जुळण्या

ओळखीच्या पलीकडेही काही गोष्टी जुळवाव्या लागल्या. ब कंपनीचा राउटर इंटरनेटसाठी विकला जात असल्याने त्यात पत्त्यांचे भाषांतर मुळातच चालू होते आणि आयएसडीएनवर शाखेतले सर्व संगणक पुण्याला एकाच पत्त्याचे दिसत होते. रोखपालाचे काम चालत असे, कारण जोडणी शाखेकडून सुरू होत असे, पण पासबुक छापले जात नसे, कारण छपाई पुण्याचा संगणक शाखेतल्या प्रिंटरच्या पत्त्यावर पाठवत असे आणि तो पत्ता पुण्याला दिसतच नसे. काउंटरवरच्या लोकांनी ही तक्रार प्रिंटरची म्हणून नोंदवली होती. भाषांतर बंद केले आणि शाखेचा पत्ता पुण्याकडून मागून न घेता ठाम लिहून दिला.

माहिती आकुंचित करून पाठवण्याची सोय दोन्ही कंपन्यांत होती आणि नावही एकच होते, पण तपासणीच्या पद्धतीचे पर्याय वेगळे होते. बोलणी यशस्वी होऊन नंतर माहिती विस्कटत असे. ती सोय दोन्हीकडे पूर्ण बंद केली. मजकुरी पडद्यांवर चालणाऱ्या बँकेच्या कामाला ६४ किलोबिट पुरत होते. वेगातला थोडा फायदा आणि न समजणारे दोष यांच्यात निवड करायची झाल्यास मी नेहमी आकुंचन बंद ठेवीन.

कॉल वेळेवर तुटणे हा विश्वासार्हतेचाच भाग आहे, कारण न तुटलेला कॉल बिलात दिसतो आणि बिल वाढले की शाखा वायर काढून ठेवते. ब कंपनीचे राउटर मार्गांची माहिती दर ३० सेकंदांनी प्रसारित करत होते, आणि दोन मिनिटे शांतता असेल तरच कॉल तोडायचा असा नियम असल्याने ती शांतता कधी येतच नव्हती. मार्ग दोन्हीकडे हाताने लिहून दिले, प्रसारण बंद केले. लीज्ड लाइनचा मार्ग पहिला, आयएसडीएनचा त्यानंतरचा, असा क्रम लावला, म्हणजे लीज्ड लाइन परत आली की वाहतूक आपोआप तिकडे वळते आणि कॉलवर शांतता होते. पुण्याने शाखेला कॉल लावणे पूर्णपणे बंद ठेवले, कारण दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी कॉल लावले की दोन वेगळे कॉल लागतात आणि कोणता ठेवायचा यावर दोन्ही कंपन्यांच्या राउटरांचे एकमत होत नाही.

क कंपनीचा राउटर

चौथ्या शाखेची हकीकत थोडक्यात सांगतो. क कंपनीच्या राउटरात चॅप होते, पण तो स्वतःचे नाव आठ अक्षरांनंतर कापत असे आणि पासवर्डही ठरावीक लांबीनंतर गुपचूप कापत असे. ते ओळखून लहान नाव आणि लहान पासवर्ड दिल्यावर तो जुळला. मात्र एका कॉलनंतर दुसऱ्या कॉलच्या वेळी अधूनमधून तो बोलणी सुरूच करत नसे आणि बंद करून चालू केल्याशिवाय हलत नसे. त्याचे नवे सॉफ्टवेअर निघणे थांबलेले होते. रोज दहा याप्रमाणे तीन दिवस कॉल लावून पाहिले, तीसपैकी चार वेळा तो अडला. ही नोंद पाहिल्यावर विभागप्रमुखांनी तो एकच राउटर बदलायला पैसे मंजूर केले आणि त्या जागी अ कंपनीचा वापरलेला राउटर बसवला.

जुलैच्या मध्यात पुन्हा जोरदार पाऊस झाला आणि घाटाजवळची व कारखान्याजवळची अशा दोन्ही लीज्ड लाइन सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा एकदम पडल्या. पुण्याच्या राउटरवर दोन वेगळी नावे, दोन वेगळी जुडगी आणि प्रत्येकात एक-एक कॉल दिसत होता. घाटाजवळच्या शाखाधिकाऱ्यांना मी फोन करून पासबुक छापले जाते का हे विचारले. ते म्हणाले, "साहेब, सकाळपासून छापतोय, का बरं?" लाइन पडल्याचे त्यांना माहीत नव्हते. संध्याकाळी साडेपाचला लीज्ड लाइन आल्या, दोन मिनिटांनी दोन्ही कॉल तुटले, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात त्या दिवशीच्या नावे प्रत्येक शाखेचा एकच कॉल होता.